नीलप्रभाचे उभे दिवस

अंगारकीच्या दिवशी जालन्याहून जाफराबादला जायचं असेल तर राजूरच्या रस्त्याने जाऊ नये, तिथल्या गणपतीला अख्खा जिल्हा लोटलेला असतो, हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मला त्या मंगळवारी कळलं नाही, कारण माझं कॅलेंडर जहाजांचं आहे. कोणतं जहाज कोणत्या बंदरात कधी लागणार ते त्यात असतं, चतुर्थी नसते. लॅपटॉपचा चार्जर घ्यायला सकाळीच जालन्याला गेले, साडेदहाची परतीची बस धरली आणि सव्वाअकराला राजूरच्या अलीकडे... पुढे ट्रक, मागे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंनी अनवाणी चालणारी माणसं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि निवांत तंबाखू मळायला घेतली.

नेमकी तेव्हाच दुपारी चारची मीटिंग साडेअकरावर आली.

मी सुमेधा. बेलापूरच्या एका जहाज-कंपनीत नोकरी करते, पण बसते जाफराबादला, वडिलांच्या घरी, पुढच्या खोलीत. आमची जहाजं जगात कुठेही असोत, रोज दुपारी बारा वाजता एक रिपोर्ट पाठवतात : काल दुपारपासून किती मैल चाललो, किती तेल जाळलं. ते आकडे मांडून कोणतं जहाज उधळं आहे ते सांगायचं, हे माझं काम. समुद्र आयुष्यात तीनदा पाहिलाय, त्यात दोनदा ऑफिसच्या खिडकीतून.

त्या दिवसांत विषय होता नीलप्रभाचा. हे आमचं एक मालवाहू जहाज, इंडोनेशियाहून कोळसा आणतं. नोव्हेंबरात ते गोदीत जाणार होतं. तिथे पाण्याबाहेर काढून, खरवडून त्याच्या बुडाला नवा रंग द्यायचा. बुडाचा रंग शोभेचा नसतो. तो चुकला की शेवाळ धरतं, शेवाळावर शिंपल्यांसारखे कडक जीव बसतात, जहाज जड चालतं आणि रोजचं चार-पाच टन तेल फुकट जातं. तीन कंपन्यांचे तीन रंग समोर होते. कोणता घ्यायचा ते सांगणारा रिपोर्ट माझ्या एकटीच्या नावाने जाणार होता. चार वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी आकडे माझे असायचे आणि सही मिथुनची. मिथुन माझा सीनियर. माणूस वाईट नाही, पण सही त्याची असायची.

तर कानात इअरफोन घातले, कॅमेरा बंद ठेवला आणि मीटिंगमध्ये शिरले. आमच्या साहेब मीना मॅडम म्हणाल्या, "सुरू करा." पहिली पाळी सिलिकॉनच्या रंगाची. तो तिघांत सगळ्यांत महाग.

"नमस्कार, राजानंद बोलतोय. पुणे ऑफिसमधून," एक आवाज आला. स्वच्छ, जरा खालच्या पट्टीतला.

मी विचारलं, "तुमच्या रंगाला तिप्पट पैसे का मोजायचे?"

...का मोजायचे, असं माझाच आवाज मागच्या सीटवरून म्हणाला.

मी मान वळवली. मागे खिडकीशी एक तरुण. चेक्सचा शर्ट, मांडीवर बॅग, बॅगेवर फोन, फोनचा स्पीकर चालू. तोही माझ्याकडे बघत होता. माझे ओठ हलले आणि त्याच्या फोनातून मी बोलले, हे त्याच्या लक्षात आलं होतं. कान लाल होत जाणारा पुरुष मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

"कुणीतरी म्यूट करा, आवाज घुमतोय," मीना मॅडम म्हणाल्या.

त्याच वेळी कंडक्टरने दारातून हाळी दिली, "राजूरवाले उतरून घ्या... बस हलायची न्हाई अजून दोन तास." बाहेर ढोल सुरू झाला. मिथुनचा आवाज आला, त्यात हसू दाबलेलं. "मॅडम, एकच ढोल दोन माइकमधून ऐकू येतोय."

मी मागे बघत होते. तो खोटं बोलू शकला असता, ऑफिसखाली मिरवणूक चाललीय म्हणाला असता.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला. "मी पुण्यात नाही. एस.टी.त आहे. राजूरला."

"...मी पण," मी म्हणाले.

मीटिंग तिथेच संपली. पाच मिनिटांत मीना मॅडमचा फोन. "ओळख आहे तुमची?"

"नाही मॅडम. आत्ता पाहिलं."

"ठीक आहे. रिपोर्टसोबत तो हितसंबंधांचा फॉर्म भरावा लागतो, माहीत आहे ना? तिथे जे खरं असेल ते लिहायचं."

मी 'हो' म्हणाले. तेव्हा खरं म्हणजे काय, त्याबद्दल मला काहीही शंका नव्हती.

खाली उतरले. श्रावणाची भुरभुर होती, भिजवायला पुरेशी नाही आणि छत्री मिटवू देईल अशीही नाही. उपासाच्या साबुदाणा वड्यांच्या गाड्यावर तो आधीच उभा होता. दोन प्लेटी घेऊन.

"एक तुमची," तो म्हणाला. "लाच न्हाई हां. तीस रुपयाचा वडाय."

"तीस रुपये रोख घ्या मग." मी पैसे पुढे केले.

त्याने बिनतक्रार घेतले, मोजून खिशात घातले. मला ते आवडलं. नको-नको करणारी माणसं मला थकवतात.

"जाफराबादच्या का तुम्ही?"

"साहेबराव गुरुजींची मुलगी."

त्याचा हात वड्यावर थांबला. "तिसरीत होतो मी त्यांच्याकडं. पाढे आले न्हाई म्हणून पट्टी मारल्ती मला."

"किती वेळा?"

"सतराचा पाढा हाय अजून पाठ, एवढ्या वेळा."

मी हसले. दोन तास होते, पाऊस होता, आणि वड्यासोबतची दाण्याची चटणी फार बरी होती. त्याने मला त्याचा रंग समजावला. बाकीचे दोन रंग साबणाच्या वडीसारखे, पाण्यात हळूहळू झिजतात आणि झिजताना घाण घेऊन जातात. त्याचा रंग डोशाच्या तव्यासारखा, चिकटूच देत नाही. चिकटलंच काही, तर जहाज चाललं की आपोआप निघून जातं.

"आणि तव्याला उलथनं लागलं तर?"

"ओरखडा," तो म्हणाला. "जपावं लागतं. महागाची वस्तू जपावीच लागती न मॅडम." आणि असं बघितलं की मी चटणी संपली का ते पाहायला लागले.

मग तो बोलत गेला. सात वर्षं गोद्यांमध्ये काढली होती, रंगाची जाडी मोजत. कधी बहरीन, कधी चीन, आठ-आठ महिने घरी येणं नाही. आता कुठे पुण्यात विक्रीला आला होता. नीलप्रभाची ऑर्डर मिळाली तर पुण्यात कायम. नाही मिळाली तर परत गोदीत. हे त्याने हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि लगेच म्हणाला, "हे सांगायला नको होतं मी तुम्हाला. विसरून जा."

"विसरले," मी म्हणाले. विसरले नव्हते.

बस हलायच्या आधी मी अट घातली. रिपोर्ट होईपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, भेट नाही. जे काय असेल ते ऑफिसच्या मेलवर, मीना मॅडमना प्रत ठेवून.

"बिलकुल," तो म्हणाला. "पण मेल किती करायचे, त्याला काई लिमिट?"

"प्रश्न असेल तेवढे."

"मंग विचारत जा प्रश्न... बराबर सगळे विचारा."

मी विचारले. जरुरीपेक्षा जास्त विचारले, हे आता लपवण्यात अर्थ नाही. रंग वाळायला किती तास? दमट हवेत किती? एक थर कमी दिला तर? मीना मॅडमच्या डोळ्यांदेखत, 'आपल्या चौदा तारखेच्या पत्राच्या अनुषंगाने' अशा भाषेत, आम्ही पाच आठवडे एकमेकांशी बोललो. त्याची उत्तरं नेमकी असत. फक्त शेवटी एखादी ओळ असे. 'जाफराबादकडे कपाशी कशी आहे, हा प्रश्न तांत्रिक नसल्याने उत्तर ऐच्छिक.' मी उत्तर देई, 'कपाशी समाधानकारक.' सकाळी उठल्याबरोबर मी आधी मेल उघडू लागले. दात नंतर घासू लागले. सत्तावीस वर्षांची बाई, आणि दमट हवेत रंग वाळायच्या तासांवर एकटीच हसत बसलेली. आईने दोनदा ताप बघितला.

आणि आकडे? आकडे त्याच्याच बाजूने होते. दर मैलाला किती तेल, असा हिशेब मी वर्षभराच्या रिपोर्टांवर मांडला, तर सिलिकॉनचा रंग तिप्पट किंमत दीड वर्षात भरून काढत होता. मी तीनदा तपासलं. मला इतका आनंद झाला की मलाच संशय आला. पण चूक सापडेना.

चूक वडिलांनी काढली, तीही न कळत. सप्टेंबरात एका संध्याकाळी ते दुसऱ्या दिवशी जालन्याला डोळे दाखवायला निघायचं ठरवत होते.

"किती वेळ लागतो गं बसला?"

"दीड तास."

"त्या मंगळवारी तर पाच तास लागल्ते तुला."

"ती राजूरला उभी होती बापू. उभी होती ते धरायचं न्हाई."

"का बरं? बस तर तीच होती. माणसं तीच होती," वडील म्हणाले. "उपाशी तू तेवढीच होतीस."

मी उठून पुढच्या खोलीत गेले.

नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाच्या रिपोर्टात मैल शून्य असतात. तेलाला शून्याने भागायला गेलं की कॉम्प्युटर चूक दाखवतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी, सवयीने, शून्याच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या होत्या. मांडणी स्वच्छ दिसावी म्हणून. त्या परत आणल्या. एकशे सतरा निघाल्या. वर्षातले एकशे सतरा दिवस नीलप्रभा कोळसा उतरवायची पाळी येईपर्यंत कोमट पाण्यात उभी होती. चार वेळा तर सलग पंचवीस दिवसांवर. आणि चाललं की घाण निघून जाते, हा त्याच्या रंगाचा सगळा गुण. न चालणाऱ्या जहाजावर त्या गुणाचं करायचं काय?

त्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'दीर्घकाळ उभ्या जहाजांसाठीही उपयुक्त.' दीर्घ म्हणजे किती ते नव्हतं. मी मेल लिहिला. एकच ओळ. 'कोमट पाण्यात सलग किती दिवस?' पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसले. त्याने 'तीस' लिहिलं असतं तर मी तीस धरलं असतं, आणि तो पुण्यात राहिला असता. तसंच व्हावं असं मला वाटलं. खोटं का सांगू, फार वाटलं. मग पाठवला.

नेहमी तासाभरात येणारं उत्तर दोन दिवस आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आलं. 'एकवीस दिवसांपर्यंत मी स्वतः पाहिलं आहे, रंग टिकतो. त्यापुढे मी खात्री देऊ शकत नाही. आपल्या जहाजाचा उभं राहण्याचा काळ त्याहून जास्त असल्यास आमचा रंग या जहाजाला घेऊ नये, असं माझं मत आहे. राजानंद.' खाली कपाशीबद्दल काही नव्हतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या भरला, तो तसाच ठेवून परत आले. मला या माणसाशी लग्न करायचं होतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच मेलमुळे तो आठ महिन्यांसाठी जाणार हेही.

दोन दिवसांत रिपोर्ट पुरा केला. झिजणाऱ्या दोन रंगांपैकी उभं राहणं सोसणारा, मधल्या किमतीचा रंग सुचवला. त्या कंपनीच्या माणसाचं नावही मला आठवत नाही. उरला फॉर्म. त्यात एकच मोठा प्रश्न : 'कोणत्याही पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याशी आपले वैयक्तिक संबंध आहेत काय? असल्यास स्वरूप लिहा.'

मी मिथुनला फोन केला.

"नाही लिही आणि मोकळी हो," तो म्हणाला. "अगं, त्याचा रंग तर तू नाकारलास. फायदा कुणाला झालाय? 'हो' लिहिलंस तर मॅडम अख्खा रिपोर्ट माझ्याकडे टाकतील, नव्याने करायला. तुझी पहिली सही गेली मग. आणि उगाच मला काम."

तो बरोबर बोलत होता. फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर काही बिघडणार नव्हतं. पण मी नुकत्याच एकशे सतरा ओळी परत आणल्या होत्या. मांडणी स्वच्छ दिसावी म्हणून पुन्हा एक काढायची, हे जमेना. आणि 'हो' तरी एकटीने कसं लिहायचं? त्याने कपाशीची चौकशी केली होती, माझी नव्हे.

त्याच्या मेलखाली नंबर होता. पाच आठवड्यांत पाठ झालेला, पहिल्यांदा लावला.

"जालन्यात आलोय," तो म्हणाला. माझ्या आवाजाने दचकला असावा. "घरी जायला चारची बस धरून राह्यलो."

"राजूरला उतरा."

"आज अंगारकी न्हाई."

"म्हणूनच."

मी इकडून जीपने गेले. राजूर रिकामं होतं. वड्याच्या गाड्याच्या जागी पेरूवाला बसला होता, आणि मंदिराकडून येणाऱ्या चारदोन बाया सोडल्या तर रस्त्यावर कुणी नव्हतं. तो बसमधून उतरला, तोच चेक्सचा शर्ट. मला पाहून आधी हसला, मग थांबला.

"रिपोर्टाचं सांगू नका," तो म्हणाला. "मी विचारलेलं न्हाई."

"सांगत नाहीये. दोन दिवस उत्तर का नाही दिलं?"

"साहेबांनी तीस लिही म्हटलं होतं." तो पेरूंकडे बघत होता. "लिहिलं बी होतं. मंग वाटलं... जहाज घाण झालं तर दोन वर्षांनी कळंल. तुमच्या सहीचा रिपोर्ट असंल तो. मी तवा पुण्यात बसलेला असंन, आणि तुम्हाला कोणी तरी विचारंल."

"आणि आता?"

"कोलंबोची गोदी. पंधरा ऑक्टोबरला निघायचंय." मग हळूच, "आठ महिने."

मी फोन काढला, फॉर्म उघडला आणि त्याच्या हातात दिला. "हे भरायचं राहिलंय. त्या मोठ्या प्रश्नात काय लिहू, ते मला ठरत नाहीये. 'नाही' लिहिणं खोटं आहे. माझ्याकडून खोटं आहे. तुमच्याकडून काय ते... तुम्हाला माहीत."

त्याने वाचलं. परत वाचलं. पेरूवाल्याने पेरू चिरून, मीठ लावून, कुणी न मागता पुढे केला. तो आमच्या दोघांच्याही लक्षात आला नाही.

"यात तुझी सही जाईल का?" त्याने विचारलं. पहिल्यांदा 'तू' म्हणाला. त्याला ते कळलं नाही, मला कळलं.

"जाऊ शकते."

"तरी भरायचं?"

"तरी."

त्याने दोन्ही अंगठ्यांनी सावकाश टाइप केलं आणि फोन परत दिला. स्वरूपाच्या चौकटीत लिहिलं होतं : 'लग्न ठरायचं आहे. मुलाकडून होकार.'

मी खाली जोडलं : 'मुलीकडूनही.' शेजारी एक रकाना होता, 'संबंध केव्हापासून?' तिथे मी लिहिलं, बारा ऑगस्ट, सकाळी साडेअकरा, राजूर. आणि त्याच्यादेखत पाठवून दिलं. मग आम्ही तो पेरू खाल्ला. मीठ जास्त झालं होतं.

उत्तर अर्ध्या तासात आलं. आम्ही जाफराबादच्या बसमध्ये होतो, या वेळी एकाच सीटवर. मीना मॅडमनी लिहिलं होतं : 'रिपोर्ट नियमाप्रमाणे दुसऱ्याकडून तपासून घेतला जाईल. निकाल काय लागेल ते आत्ता सांगता येणार नाही. केव्हापासूनचा पुरावा जोडायची गरज नाही, त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ढोलासह. अभिनंदन.'

तपासणीला नऊ दिवस लागले. ती मिथुननेच केली, कुरकुरत. उत्तर तेच आलं. रिपोर्ट माझ्या सहीने गेला, खाली त्याची 'तपासले' अशी छोटी सही. नीलप्रभाला नोव्हेंबरात तो मधल्या किमतीचा रंग लागला. मी फोटो पाहिले. तांबडा आहे, विटेसारखा.

राजानंद पंधराला गेला. जायच्या आदल्या दिवशी घरी आला, बापूंच्या पाया पडला. बापूंनी 'जयभीम' म्हणून जवळ बसवलं आणि आधी सतराचा पाढा म्हणायला लावला. त्याने न अडखळता म्हटला. मग लग्नाचं बोलणं झालं, जूनमधलं.

आता रोज दुपारी बारा वाजता जहाजांच्या रिपोर्टांबरोबर कोलंबोहून एक मेसेज येतो. आज किती थर मोजले, काय जेवलो, किती दिवस उरले. शेवटी नेहमी, 'तुझ्याकडे चाललो : शून्य मैल.' मी त्याची वेगळी मांडणी केली आहे. आज एकशे चाळीस ओळी झाल्या, सगळ्या शून्याच्या. एकही काढलेली नाही.